तुटका शिलालेख आणि जळालेला ट्रान्झिस्टर : चार्जरच्या दुरुस्तीचा एक पाठ

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात भोजनानंतर आपल्या वसतिगृहाचा एक जुना विद्यार्थी आमच्याजवळ आला आणि पिशवीतून एक काळा डबा काढून त्याने तो टेबलावर ठेवला. तो विजेवर भरणाऱ्या बॅटरीच्या ड्रिलचा चार्जर होता. हा विद्यार्थी डोंबिवलीत राहतो आणि घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींत फर्निचर बसविण्याचे काम करतो. आदल्या आठवड्यात पावसात वीज गेली, तासाभराने आली आणि त्या क्षणी चार्जर मुका झाला. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या पडल्या. दुकानदाराने डबा उघडूनही न पाहता "हे दुरुस्त होत नाही, नवा घ्या," असे सांगितले. नव्या चार्जरला दोन दिवसांची मजुरी जाणार होती, आणि तो येईपर्यंतचे दिवस कामाविना जाणार होते ते वेगळेच. "सर, आपल्या कार्यानुभवाच्या तासाला आपण रेडिओ उघडायचो. हा उघडता येईल का?" असे त्याने विचारले.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. इलेक्ट्रॉनिक्स आम्ही शिकलो ते आयटीआयमध्ये गेलेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांकडून, कार्यानुभवाचा तास आमच्याकडे आल्यानंतर. तरीही स्मरणिकेसाठी विषय निवडताना हाच चार्जर पुनःपुन्हा आठवत राहिला. वागळे इस्टेट, अंबरनाथ आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत आपल्या कितीतरी पालकांनी यंत्रांवर आयुष्य काढले. त्यांची मुले आज सुतारकाम, वायरिंग, फॉल्स सीलिंग, प्लंबिंग अशा कामांत आहेत आणि त्यांचे पोट बॅटरीवरच्या हत्यारांवर अवलंबून आहे. म्हणून हा पाठ त्यांच्यासाठी, आणि तो आम्ही आमच्या विषयाच्या वाटेनेच मांडणार आहोत.

चार्जरच्या आत काय घडते

घरातली वीज २३० व्होल्ट एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करणारी असते. बॅटरीला हवी असते डीसी, आणि तीही कमी दाबाची. अठरा व्होल्टच्या लिथियम बॅटरीत पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला प्रत्येक घट ४.२ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी २१ व्होल्टची.

जुने चार्जर जड असत, कारण त्यांत लोखंडी पट्ट्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर असे. आजच्या हलक्या चार्जरमध्ये युक्ती वेगळी आहे. आधी चार डायोडांचा ब्रिज एसीचे डीसी करतो आणि ते एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. २३० हा परिणामी दाब आहे. त्याचे शिखर त्याच्या १.४१४ पट असते, म्हणून त्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभे राहते. नंतर एक ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा सुरू-बंद करतो. इतक्या वेगाने तुटणारा प्रवाह छोट्याशा फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरमधूनही पुरेशी ऊर्जा पलीकडे नेऊ शकतो. पलीकडे एक वेगवान डायोड आणि कपॅसिटर मिळून त्याचे पुन्हा स्वच्छ डीसी करतात. हा सुरू-बंद करणारा ट्रान्झिस्टर म्हणजेच स्विचिंग ट्रान्झिस्टर. सगळा ताण त्याच्यावर असतो, म्हणून बहुधा तोच आधी जातो.

ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना त्यासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५६ हे वर्ष आपल्या वाचकांना निराळ्या कारणाने पाठ आहे. चार्जरमध्ये आज बहुधा आढळतो तो मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर. तो त्याच प्रयोगशाळेत १९५९ मध्ये अटाला आणि कांग यांनी घडविला.

आधी जीव, मग काम

पुढचे काही वाचण्यापूर्वी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ३२५ व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. फ्यूज उडालेला आहे म्हणून बोर्ड निर्धोक आहे, असे समजणे ही सर्वांत घातक चूक होय. प्लग काढावा, बॅटरी काढावी, मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या तारांनी कपॅसिटरच्या दोन टोकांना दहा सेकंद लावून धरावा, आणि शेवटी मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. पेचकस टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत सोडून द्यावी. तिने कपॅसिटरही बिघडतो आणि डोळाही जातो. शाळेत विद्यार्थ्यांना आम्ही केवळ वीज नसलेल्या, रिकाम्या केलेल्या बोर्डवर काम करू देतो. विजेची जोडणी आणि चाचणी जाणकार प्रौढानेच करायची, हा आमचा नियम आहे.

तुकड्यावरून ओळख

डबा उघडला तेव्हा काचेचा फ्यूज आतून काळा झालेला दिसला. ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला स्क्रूने बसविलेल्या ट्रान्झिस्टरचे तोंड फुटले होते. त्यावरचा क्रमांक उडाला होता आणि शेवटची अक्षरे तेवढी उरली होती : "एन६०". विद्यार्थी निराश झाला. "नंबरच नाही, तर दुकानात काय मागायचं?"

आम्हांला त्या वेळी सोपारा आठवले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुटका तुकडा मिळाला. तेव्हा सोपारा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तुकड्यावर पूर्ण लेख नव्हता, ओळींचे अवशेष होते. तरी तो आठव्या शिलाशासनाचा भाग आहे हे निश्चित करता आले. शिकारीच्या सहली सोडून अशोकाने धर्मयात्रा सुरू केल्याचे सांगणारे ते शासन. हे ठरले कसे? गिरनारसारख्या ठिकाणी तेच लेख अधिक पूर्ण स्वरूपात उपलब्ध होते. उरलेली अक्षरे पूर्ण पाठाशी ताडून पाहिली की तुटलेल्या भागाची जागा कळते. पुढे १९५६ मध्ये नवव्या शासनाचाही तुकडा तेथे मिळाला आणि त्याची ओळखही अशीच पटली.

जळालेल्या भागाची ओळखही याच तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी : जागा. ट्रान्सफॉर्मरच्या खालून बोर्डवर एक रिकामी, तांबे नसलेली पट्टी जाते. तिच्या एका बाजूला विजेचा भाग, दुसऱ्या बाजूला बॅटरीचा. स्विचिंग ट्रान्झिस्टर नेहमी विजेच्या बाजूला असतो. बॅटरीच्या बाजूलाही हीटसिंकवर तीन पायांचा एक भाग असतो, पण तो बहुधा जोड डायोड असतो. दोघांचा आकार एकच असल्याने नवशिक्यांची फसगत होते. मॉस्फेट छापील बाजूने धरला तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम असतो. ड्रेनची रेघ ट्रान्सफॉर्मरला जाते. सोर्स एका अगदी कमी ओहमच्या रेझिस्टरमधून मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जातो. गेट छोट्या रेझिस्टरमधून नियंत्रक आयसीला जातो. या तीन रेघा जुळल्या की भाग कोणता याविषयी शंका उरत नाही.

दुसरी पायरी : अक्षरे. अनेक मॉस्फेटांच्या क्रमांकातच त्यांचे गुण असतात. ७एन६० म्हणजे ७ अँपिअर, एन जातीचा आणि ६० गुणिले १०, म्हणजे ६०० व्होल्ट. तेव्हा आमच्या "एन६०" वरून जात आणि दाब कळले. अँपिअरचा आकडा तेवढा हरवला होता. मात्र सर्व क्रमांक असे वाचता येत नाहीत. आयआरएफ८४० हा ५०० व्होल्ट, ८ अँपिअरचा आहे, आणि हे त्याच्या माहितीपत्रकातच पाहावे लागते. जपानी पद्धतीच्या क्रमांकांत सुरुवातीचे "२एस" छापत नाहीत, म्हणून "के" ने सुरू होणारा क्रमांक दुकानात "२एसके" या नावाने शोधावा लागतो. १३००५ किंवा १३००७ असे काही दिसले, तर तो मॉस्फेट नव्हे, जुन्या जातीचा बायपोलर ट्रान्झिस्टर होय. त्याच्या जागी मॉस्फेट चालत नाही.

तिसरी पायरी : संदर्भ. हरवलेला आकडा बोर्डनेच सांगितला. आठ पायांचा नियंत्रक आयसी यूसी३८४२ होता. सोर्सच्या रेझिस्टरवर १ व्होल्ट उभे राहिले की हा आयसी ट्रान्झिस्टर बंद करतो. तो रेझिस्टर ०.४७ ओहमचा होता. १ भागिले ०.४७, म्हणजे सुमारे २.१ अँपिअर, याहून अधिक शिखर प्रवाह ट्रान्झिस्टरमधून जाऊ द्यायचा नाही, अशी मूळ रचना. डब्यावर २१ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिले होते, म्हणजे ६३ वॅट. हिशेब त्याच्याशीही जुळला. मॉस्फेट तापला की त्याची प्रवाह वाहण्याची क्षमता छापील आकड्याच्या बरीच खाली येते, म्हणून २.१ साठी दुप्पट-तिप्पट क्षमता हवी. ७एन६० योग्य ठरला.

येथे वाचक विचारतील की दाब ३२५ असताना ६०० व्होल्टचा भाग कशाला. वीज दहा टक्के वाढून २५३ झाली, तर शिखर ३५८ वर जाते. ट्रान्झिस्टर बंद होताना ट्रान्सफॉर्मर त्यात आपला उलटा दाब मिळवितो, आणि वर क्षणिक उसळी येते ती निराळीच. या सगळ्यांची बेरीज सहज पाचशेच्या पुढे जाते.

आमची चूक

लॅमिंग्टन रोडवरून ७एन६० आणला, जुना काढून नवा लावला, फ्यूज बदलला आणि प्लग लावला. फटाक्यासारखा आवाज झाला. नवा ट्रान्झिस्टर फुटला, फ्यूज गेला आणि खोलीत जळका वास भरला. विद्यार्थी काही बोलला नाही. त्याचा आणखी एक दिवस आम्ही वाया घालविला होता.

वर्गात आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो की युद्धाचे तात्कालिक कारण वेगळे आणि मूळ कारण वेगळे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ट्रान्झिस्टर का मेला हे न विचारता आम्ही दुसरा ट्रान्झिस्टर त्याच आगीत ढकलला.

पुन्हा बोर्ड घेऊन बसलो आणि एकेक भाग तपासला. मॉस्फेट आतून शॉर्ट होतो तेव्हा ड्रेनवरचा मोठा दाब गेटच्या वाटेने मागे घुसतो. त्या धक्क्यात गेटचा २२ ओहमचा रेझिस्टर तुटला होता आणि आयसीही मेला होता. वरून तो रेझिस्टर धड दिसत होता. गेटला बांधून ठेवणारा रेझिस्टर काही बोर्डांवर असतो, याच्यावर नव्हता. त्यामुळे नव्या मॉस्फेटचे गेट अधांतरी राहिले, वीज येताच तो आपोआप सुरू झाला आणि बंद करणारे कोणी उरले नव्हते.

पण पहिला ट्रान्झिस्टर तरी का गेला? ट्रान्सफॉर्मरशेजारी एक डायोड, एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर मिळून क्षणिक उसळी गिळून टाकतात. त्यांतल्या रेझिस्टरचे सोल्डर वर्तुळाकार तडकले होते. चार्जर रोज पिशवीत आदळतो, तापतो, निवतो. तडा हळूहळू वाढत गेला असणार. उसळी गिळणारे कोणी नसल्याने ट्रान्झिस्टर रोज थोडा थोडा सोसत होता. पावसात वीज परत येतानाचा झटका हे निमित्त ठरले.

पुन्हा जोडणी : क्रमवार

आता आम्ही पुढील क्रम कधीही मोडत नाही.

१. जुना मॉस्फेट बोर्डवरून काढून मीटरच्या डायोड खुणेवर तपासावा. चांगल्या एन जातीच्या मॉस्फेटमध्ये लाल टोक सोर्सला आणि काळे ड्रेनला लावल्यास सुमारे ०.४ ते ०.७ दिसते, उलट लावल्यास काही दिसत नाही. गेट आणि इतर पायांत कोणत्याही बाजूने काही दिसू नये. सगळीकडे बझर वाजला, तर भाग शॉर्ट आहे. तपासण्यापूर्वी तिन्ही पाय क्षणभर एकत्र जोडावेत, नाहीतर गेटवर उरलेला भार फसवितो.

२. त्याच्यासोबत फ्यूज, ब्रिजचे चार डायोड, सोर्सचा आणि गेटचा रेझिस्टर, उसळी गिळणारे तीन भाग, आयसी, आयसीला वीज पुरविणारा छोटा कपॅसिटर आणि पलीकडचा जोड डायोड तपासावा. शंका असलेला भाग बदलावा. आयसीचा शेवटचा अंकही जुळला पाहिजे. ३८४२ सुमारे १६ व्होल्टला सुरू होतो, ३८४३ त्याच्या जवळपास निम्म्या दाबाला. दिसायला दोघे सारखे.

३. नव्या मॉस्फेटचा दाब आणि अँपिअर मूळ भागाइतका किंवा थोडा अधिक असावा. फार मोठा भाग लावणे हा शहाणपणा नव्हे. त्याचे गेट भरायला छोट्या आयसीची ताकद पुरत नाही आणि तो उलट अधिक तापतो. फ्यूज मात्र मूळ आकड्याचाच लावावा. तार गुंडाळून फ्यूज बनवू नये.

४. मॉस्फेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर पूर्ण दाब येतो. मूळ जागी अभ्रकाची किंवा रबरी चकती असेल, तर ती आणि स्क्रूची प्लास्टिकची टोपी पुन्हा बसवावी. पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटर वाजता कामा नये. अभ्रक असल्यास हीटसिंकची पेस्ट पातळ लावावी. आधी स्क्रू घट्ट करावा, मग पायांना सोल्डर द्यावे, म्हणजे पायांवर ताण राहत नाही.

५. पहिली वीज सिरीज दिव्यातून द्यावी. जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब चार्जरच्या एका वायरीत ओळीने जोडावा. एलईडी बल्ब या कामी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून विझला, तर कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही असे समजावे. पूर्ण तेजाने जळत राहिला, तर ताबडतोब वीज बंद करावी; दोष अजून आत आहे. त्या दिवशी आम्ही हा एक बल्ब लावला असता, तर नवा ट्रान्झिस्टर फुटला नसता.

६. विजेच्या बाजूचे मोजमाप करताना मीटरचे काळे टोक मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला, आणि बॅटरीच्या बाजूचे करताना बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. दोन्ही बाजू एकत्र जोडू नयेत. अनेक चार्जर बॅटरी लावल्याशिवाय दाब देत नाहीत, हेही लक्षात असावे.

७. सिरीज दिवा काढून झाकण बंद करावे आणि बॅटरी लावावी. पहिल्या भरणीला शेवटपर्यंत जवळ बसावे. पाच घटांच्या बॅटरीवर दाब २१ च्या पुढे सरकू लागला, तर चार्जर तत्काळ काढावा. जास्त भरलेली लिथियम बॅटरी पेट घेते. असा चार्जर पुन्हा वापरू नये, मग दुरुस्ती कितीही मनासारखी झालेली असो.

बनावट अक्षरांविषयी थोडे

इतिहासात बनावट सनदा असतात, तसे बाजारात पुसून नव्याने छापलेले ट्रान्झिस्टर असतात. लहान क्षमतेच्या भागावर मोठा क्रमांक छापून तो विकला जातो. दस्तऐवजावर काय लिहिले आहे एवढ्यावर अभ्यासक थांबत नाही. कागद, शाई आणि अक्षरवळणही पाहतो. तसेच येथेही करावे. छपाई बोटाने पुसली जाते का, पाठीवर घासल्याच्या रेघा आहेत का, एकाच क्रमांकाचे दोन भाग शेजारी ठेवल्यास वजन आणि पायांची जाडी सारखी आहे का, हे पाहावे. खात्रीच्या दुकानातून दोन-चार रुपये अधिक देऊन घेतलेला भाग शेवटी स्वस्त पडतो.

समारोप

त्या रात्री नऊ वाजता बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. तासाभराने बॅटरीवरचा आकडा २०.९ वर स्थिर झाला. विद्यार्थी शेवटची कल्याण लोकल पकडण्यासाठी निघाला तेव्हा त्याने फुटलेले दोन्ही ट्रान्झिस्टर मागून घेतले. "साइटवरच्या पोरांना दाखवीन," असे तो म्हणाला. आता महिन्यातील एका रविवारी तो शाळेत येतो. कार्यानुभवाच्या खोलीत एक टेबल, एक सिरीज बोर्ड आणि दोन मीटर एवढ्या साहित्यावर माजी विद्यार्थ्यांची हत्यारे उघडली जातात. सगळी दुरुस्त होतात असे नाही. जी होत नाहीत, त्यांच्यावर "का झाले नाही" याची चिठ्ठी लावून आम्ही ती शिकविण्यासाठी ठेवतो. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे वापरात नसलेला चांगला मीटर किंवा सोल्डरिंगचे साहित्य असेल, त्यांनी ते या टेबलासाठी द्यावे, अशी विनंती आम्ही या स्मरणिकेतून करतो. ज्यांना हे काम येते, त्यांनी एखादा रविवारही द्यावा. त्याची गरज साहित्याहून अधिक आहे.

स्वाध्याय

१. फ्यूज उडालेल्या चार्जरचा मोठा कपॅसिटर भरलेला कसा राहू शकतो? सोर्सचा रेझिस्टर तुटलेला असेल, तर काय फरक पडेल?
२. बॅटरीच्या बाजूचा जोड डायोड आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर यांत भेद कसा कराल?
३. यूसी३८४२ असलेल्या बोर्डवर सोर्सचा रेझिस्टर ०.२२ ओहमचा असल्यास शिखर प्रवाहाची मर्यादा किती?
४. या पाठातील चार्जरच्या बिघाडाचे तात्कालिक कारण आणि मूळ कारण लिहा.
५. आपल्या घरातील बंद पडलेल्या एका वस्तूची "साधनचिकित्सा" करा. तिच्यावर काय लिहिले आहे, काय पुसले गेले आहे, आणि पुसलेले कशावरून ओळखता येईल?